न दुखणारे रक्त

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

आमच्या मामांचे हात कधी एका रंगाचे नसत. सोमवारी तळहात निळे असले, तर गुरुवारी ते किरमिजी होत आणि शनिवारी नखांच्या कडेला पिवळी रेघ दिसे. सोलापुरात एका लहानशा कारखान्याच्या रंगाई खात्यात ते कामाला होते. सुताच्या लडी उकळत्या हौदात बुडवायच्या, बांबूने फिरवायच्या, पिळून वाळत घालायच्या, हे त्यांचे काम. संध्याकाळी ते घरी आले, की आम्ही मुले विचारायचो, "मामा, आज कोणता रंग?" ते हात पुढे करायचे. आजी पानावर बसण्यापूर्वी दोनदा हात धुवायला लावायची. मामा हसून म्हणायचे, "आई, हा रंग पगाराबरोबर मिळालेला आहे. तो धुऊन जायचा नाही."

१९७८ च्या उन्हाळ्यात मामांना एके दिवशी लघवी लाल झाली. दुखले खुपले काही नाही. ताप नाही, जळजळ नाही. आजी म्हणाली, "उन्हात मरमर करतोस, उष्णता झालीय." सोलापूरचा एप्रिल महिना. तिचे म्हणणे कुणालाच खोटे वाटले नाही. मग सब्जा भिजत घातला, धने-जिऱ्याचे पाणी झाले, माठात वाळा पडला. चौथ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. आजीच्या औषधाला गुण आला, असे सगळ्यांनी मानले.

दसऱ्याच्या सुमारास पुन्हा तसेच झाले. पुन्हा धने-जिरे, पुन्हा आराम. तिसऱ्या वेळी, संक्रांतीच्या आसपास, रक्ताच्या गाठी पडू लागल्या तेव्हा त्यांना मोठ्या इस्पितळात नेले. मूत्राशयाचा कर्करोग होता आणि तो पिशवीच्या भिंतीत खोलवर गेलेला होता. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "पहिल्या वेळी आला असतात तर!" मामा पुढच्या वर्षी गेले. वय अवघे बावन्न.

मी पुढे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागलो. कृत्रिम रंगांचा धडा मी जवळजवळ तीस वर्षे शिकवला. अ‍ॅनिलीन घ्या, बर्फात थंड करा, त्यावर क्रिया करून ते बीटा-नॅफ्थॉलच्या द्रावणात ओता. क्षणात परीक्षानळीत झगझगीत नारिंगी-लाल रंग उमटतो. मुले टाळ्या वाजवतात. मीही दर वर्षी त्या रंगाकडे कौतुकाने पाहत असे. मात्र आमच्या पाठ्यपुस्तकात त्या धड्यात मूत्राशयाचे नावही नव्हते. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी हा इतिहास शोधून वाचला. तो वाचताना वारंवार मामांचे हात डोळ्यांपुढे येत राहिले. तोच इतिहास आज सांगायचा आहे.

सुरुवात होते ती हिवतापाच्या औषधापासून. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी ईस्टरच्या सुटीत घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याच्या खटपटीत होता. हिंदुस्थानसारख्या उष्ण देशांत राज्य करायचे, तर इंग्रजांना क्विनीन हवेच होते आणि ते झाडाच्या सालीपासून मिळे. पर्किनने दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या पदार्थांवर प्रयोग केले. क्विनीन काही मिळाले नाही; भांड्याच्या तळाशी काळा चिकट गाळ तेवढा उरला. तो मद्यार्काने धुताना सुंदर जांभळा रंग सुटला. कापडावर तो पक्का बसला. पुढच्याच वर्षी पर्किनने कारखाना काढला आणि जगात कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले.

इंग्लंडमध्ये लागलेला हा शोध जर्मनीत फोफावला. ऱ्हाइन आणि माइन नद्यांच्या काठांवर मोठमोठे रंगाचे कारखाने उभे राहिले. किरमिजी, निळे, हिरवे, काळे असे शेकडो रंग डांबरातून निघू लागले. १८९७ साली बाजारात आलेल्या कृत्रिम निळीने तर आपल्याकडच्या निळीच्या शेतीचे दिवसच भरवले. शाळेच्या पुस्तकात आपण हा इतिहास इथपर्यंत वाचतो. पुढचे पान मात्र इस्पितळात उघडते.

फ्रँकफुर्टमध्ये लुडविग रेन नावाचे शल्यविशारद होते. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव आणखी एका कारणाने अमर आहे. १८९६ साली त्यांनी सुऱ्याच्या वाराने फाटलेल्या माणसाच्या हृदयाला टाके घातले आणि तो माणूस जगला. पण त्याच्या आदल्या वर्षी, १८९५ साली, जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी जे सांगितले, त्याने किती जीव वाचू शकले असते याची मोजदाद करणे कठीण आहे. फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या पंचेचाळीस कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात त्यांना गाठी आढळल्या होत्या. एरवी हा आजार इतका विरळा, की एवढ्याशा गटात एक रुग्ण सापडला तरी नवल वाटावे. रेन यांनी आणखी एक नेमका प्रश्न विचारला होता: हा माणूस काम काय करतो? रुग्णाला त्याचा धंदा विचारणे ही गोष्ट साधी वाटते. आमच्या मामांना मात्र तो प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दोष अ‍ॅनिलीनचा असावा, असे रेन यांना वाटले. तो तर्क पुढे तंतोतंत खरा ठरला नाही. खरे अपराधी त्याचेच भाऊबंद होते. १९२१ साली जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाने रंगाच्या कारखान्यांतील मूत्राशयाच्या कर्करोगावर एक अहवाल काढला. त्यात बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन या दोन पदार्थांकडे स्पष्ट बोट दाखवले होते. आपल्या परीक्षानळीतल्या बीटा-नॅफ्थॉलच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेला, पण गुणाने फार वेगळा असा हा दुसरा पदार्थ. कामगारांनी स्वच्छता पाळावी, कपडे बदलावेत, धूळ आणि वाफ अंगावर येऊ नये, अशा सूचनाही त्या अहवालात होत्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी बरेचसे ठाऊक झालेले होते.

मग पुढे काय झाले? कारखानदारांनी पुरावा मागितला. प्रयोगशाळेतल्या उंदरांना आणि सशांना हा रोग होत नव्हता, त्यामुळे संशयाचा फायदा रसायनाला मिळत राहिला. १९३० च्या दशकात विल्हेल्म ह्यूपर हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले डॉक्टर ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. जर्मनीत जे घडले ते इथल्या कामगारांतही घडणार, असे त्यांनी बजावले होते आणि तसे रुग्ण निघालेही. ह्यूपर यांनी उंदरांऐवजी कुत्र्यांवर प्रयोग केला. बीटा-नॅफ्थिलअमाइन दिलेल्या कुत्र्यांच्या मूत्राशयात माणसासारख्याच गाठी झाल्या. १९३७ साली त्यांची नोकरी गेली. १९३८ साली प्रयोग छापून आला. पुरावा हाती आला, तरी उत्पादन चालूच राहिले.

शेवटी आकड्यांनी बोलायचे ठरले. ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगाच्या कारखान्यांतल्या चार हजारांवर कामगारांच्या नोंदी धुंडाळल्या. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की या कामगारांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या सुमारे तीस पट होते. रंगाला पहिला हात लागल्यापासून रोग दिसेपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षे जात होती. काहींना तर कारखाना सोडून कितीतरी वर्षे झाल्यावर तो गाठत होता. ब्रिटनमध्ये बीटा-नॅफ्थिलअमाइनचे उत्पादन १९४९ साली थांबले होते. कायद्याने त्यावर बंदी आली ती १९६७ साली. आपल्या देशात बेंझिडीनवर आधारलेले रंग हाताळण्यावर १९९० च्या दशकात बंदी आली. १८९५ पासून मोजा. ब्रिटनमधल्या कायद्यापर्यंत बहात्तर वर्षे आणि आपल्यापर्यंत जवळजवळ शंभर. मामांची सगळी नोकरी या मधल्या काळात झाली.

आता कुणीही विचारेल, की रंग हाताला लागतो, वाफ नाकात जाते, मग रोग मूत्राशयालाच का? याचे उत्तर शरीराच्या स्वच्छतेच्या व्यवस्थेत आहे. कातडीतून किंवा श्वासातून आत गेलेले हे पदार्थ रक्तात मिसळतात. यकृत त्यांचे रूप बदलते, मूत्रपिंडे ते गाळून लघवीत टाकतात. इथपर्यंत सगळे नीट चालते. पण लघवी लगेच बाहेर जात नाही. ती पिशवीत तास-दोन तास, रात्री सहा-सहा तास साठून राहते. घरातला केर गोळा करून दारामागे ठेवावा आणि त्या कोपऱ्यालाच वाळवी लागावी, तसा हा प्रकार आहे. पिशवीचे आतले नाजूक अस्तर त्या विषाच्या सहवासात वर्षानुवर्षे राहते आणि केव्हातरी त्याच्या पेशी बिघडतात.

रंगांच्याही आधी हा आजार होता, हेही सांगायला हवे. इजिप्तमध्ये तो फार जुना. १८५१ साली कैरोमध्ये थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरांना लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांच्या शिरांत एक बारीक जंत सापडला. नाईलच्या कालव्यांतल्या गोगलगायींमध्ये त्याची वाढ होते आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून तो शरीरात शिरतो. त्याची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुतून बसतात. १९१० साली तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांतही ती अंडी सापडली. १९११ साली कैरोतल्याच फर्ग्युसन या डॉक्टरांनी हा जंत आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांना या जातीच्या रोगाचे रुग्ण आढळले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. सुदैवाने भारतात तो पसरला नाही.

इजिप्तची गोष्ट इथे सांगण्याचे कारण वेगळे आहे. तिथे औषधे पोचली, जंत मागे हटला आणि त्या जंतामुळे होणाऱ्या प्रकारचा कर्करोग कमी होत गेला. पण मूत्राशयाचा कर्करोग गेला नाही. युरोप-अमेरिकेत दिसतो त्या प्रकारचा वाटा तिथेही वाढत गेला. एक शत्रू दाराबाहेर घालवला आणि दुसरा आधीच घरात येऊन बसला होता. त्याचे नाव तंबाखूचा धूर.

हा इतिहास वाचताना मी सगळ्यांत जास्त कुठे थबकलो असेन, तर या ठिकाणी. तंबाखू जळते तेव्हा तिच्या धुरात जे शेकडो पदार्थ निघतात, त्यांत बीटा-नॅफ्थिलअमाइन असते. होय, तेच ते. ज्याला कारखान्याच्या बाहेर काढायला माणसांना इतकी वर्षे लागली, ज्याच्यासाठी कायदे झाले, ते रसायन माणूस स्वतःच्या खिशातून पैसे देऊन विकत घेतो, पेटवतो आणि छातीत भरतो. त्याचे प्रमाण अगदी सूक्ष्म असते हे खरे. पण दिवसाला वीस विड्या आणि तीस वर्षे असा गुणाकार करून पाहावा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या साडेचार लाखांवर लोकांच्या पाहणीत, धूम्रपान करणाऱ्यांत हा रोग न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळला. तिथले जवळजवळ निम्मे रुग्ण धूम्रपानाच्या खाती जमा होते. ज्यांनी सोडले होते, त्यांचा धोका दुपटीच्या आसपास उतरला होता. चारावरून दोनावर येणे ही लहान गोष्ट नव्हे. आपण कितीही वर्षे ओढली असली, तरी सोडण्याचा फायदा उरतोच.

आमचे मामा विडी ओढत. कारखान्यात जेवणाच्या सुटीत त्याच रंगलेल्या बोटांत विडी धरलेली असे. त्यांचा रोग रंगामुळे झाला की विडीमुळे, हा प्रश्न मामीने मला कितीदा तरी विचारला. एकट्या माणसापुरते त्याचे उत्तर कोणताच डॉक्टर देऊ शकत नाही. मी तिला म्हणायचो, "मामी, दोघांनी मिळून झाला." ती गप्प बसायची. मग म्हणायची, "विडी तरी सोडता आली असती रे." मला वाटते, तिने या सगळ्या इतिहासाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगितला होता. हौदातला रंग बदलणे मामांच्या हातात नव्हते. ते मालकाच्या आणि सरकारच्या हातात होते. खिशातले बंडल मात्र त्यांचे स्वतःचे होते.

२०२२ या एका वर्षात जगभरात या रोगाचे सहा लाखांवर नवे रुग्ण नोंदले गेले. पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा तिपटी-चौपटीने अधिक दिसतो. पण उपचारांचा इतिहास आशेचा आहे. १८७० च्या दशकात माक्स नित्से या जर्मन डॉक्टरांनी मूत्राशयात डोकावणारी दुर्बीण तयार केली. आज तिच्याच वारसदाराने गाठ पाहता येते आणि ती वरवरची असेल, तर पोट न कापता खरवडून काढता येते. १९७६ साली कॅनडात आल्वारो मोरालेस या डॉक्टरांनी दाखवले, की क्षयावरची बीसीजी लस मूत्राशयात सोडली तर वरवरच्या गाठी परत येण्याचे प्रमाण घटते. आपल्या दंडावर ज्या लसीचा वण आहे, तीच ही लस. आजही तो उपचार जगभर चालतो. पण हे सारे कुणाच्या उपयोगाचे? जो लवकर जातो त्याच्या.

आणि लवकर जाण्यात मोठा अडथळा म्हणजे हे न दुखणारे रक्त. आपल्याकडे दुखणे आणि आजार यांना एकच शब्द आहे. दुखले नाही, तर दुखणे नाही. त्यात हे रक्त येते आणि आपोआप थांबतेही. थांबले म्हणजे बरे झाले, असे आपण समजतो. मामांचे दोन्ही वेळा थांबले होते. धने-जिऱ्याने ते थांबले नव्हते. ते थांबायचेच होते. गाठ मात्र आत वाढत होती.

म्हणून चार गोष्टी सांगतो. लघवीत एकदा जरी रक्त दिसले, तरी ते थांबण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. आदल्या दिवशी बीट खाल्ले असेल, तर लघवी लालसर दिसू शकते. त्याने घाबरू नये. पण स्वतःची समजूत घालण्यासाठी त्याचा आधारही घेऊ नये. बहुतेक वेळा मुतखडा, जंतुसंसर्ग किंवा पुरुषांत प्रोस्टेटची वाढ निघते; मग निर्धास्त व्हावे. तपासणीआधी मात्र निर्धास्त होऊ नये. सोनोग्राफीत काही दिसले नाही, तरी डॉक्टर दुर्बिणीने पाहू म्हणाले तर कंटाळा करू नये. बायकांच्या बाबतीत हे रक्त पाळीचे किंवा संसर्गाचे समजून महिने जातात. पाळी थांबलेल्या बाईने तर एक दिवसही थांबू नये.

दुसरे, विडी-सिगारेट सोडावी. कमी करतो म्हणू नये. तिसरे, रंग, रबर, कातडी कमावणे, छपाई अशा कामांत असलेल्यांनी हातमोजे आणि नाकावरची पट्टी मागून घ्यावी, कामाचे कपडे घरी आणू नयेत, हात धुतल्याशिवाय घास घेऊ नये. आपल्याकडच्या कामगार-भरपाईच्या कायद्यात या रोगाची व्यावसायिक आजार म्हणून नोंद आहे, हेही लक्षात असावे. आणि चौथे, डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे, की मी अमुक काम इतकी वर्षे केले. नोकरी सुटून वीस वर्षे झाली असली, तरीही सांगावे. शरीर ती नोंद पुसत नाही.

आजीच्या माठातला वाळा मला अजून आठवतो. तिची माया खोटी नव्हती, उपाय चुकला. उन्हाळ्यात सब्जा जरूर प्यावा, धने-जिऱ्याचे पाणीही प्यावे. पण ते डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर.